शुगर-बीपीवाल्यांची सकाळची योगा बॅच: ताईंना पाच स्टार, खालच्या बोर्डाला शून्य

जळगावात रिंग रोडच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर जो योगा क्लास आहे त्याच्या सकाळच्या हार्ट-शुगर बॅचबद्दल लिहितोय, कारण इथले आधीचे रिव्ह्यू वाचले तर एकतर 'मस्त जागा' नाहीतर 'डायबिटीस महिन्यात गायब', आणि जायचं की नाही ठरवणाऱ्याला दोन्हीचा काही उपयोग नाही. मी उन्हाळ्याच्या आधी जॉइन झालो, दिवाळी होऊन गेली, अजून चालू आहे, बायको पण येते. क्लासवाल्यांशी नातंगोतं काही नाही, फी पूर्ण भरलीय, सवलत मागून पाहिली ती मिळाली नाही.

आधी माझं सांगतो म्हणजे तुम्हाला तुमचं लावून बघता येईल. वय पन्नाशीच्या जवळ, कृषी सेवा केंद्र आहे, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्ची, कापसाच्या सीझनला तर जेवणही काउंटरवरच. बीपी १४०-९० च्या आसपास, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २३० च्या वर, उपाशीपोटी शुगर ११० च्या पुढे आणि पोट शर्टाच्या पुढे. डॉक्टर म्हणाले ह्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, पाचपैकी तीन गोष्टी जमल्या की तुम्ही त्यात. कंबर आपल्याकडच्या पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० च्या पुढे, ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, चांगलं म्हणजे एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३०-८५ च्या वर, उपाशीपोटी शुगर १०० च्या वर. माझे चार निघाले. बीपीची एक गोळी चालू झाली आणि डॉक्टरांनी हालचाल वाढवा सांगितलं, तिथून हा क्लास.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं जाऊन सरळ सतरंजीवर बसायचं. तसं नाही झालं. ताईंनी (शिकवतात त्या, सगळे ताईच म्हणतात, सत्तरीचे नाना पण) पाच मिनिटं शांत बसवलं, बोलू पण दिलं नाही, मग बीपी घेतलं, दोन वेळा. नंतर बेंबीच्या लेव्हलला टेप लावून कंबर मोजली. मग फॉर्म, त्यात गोळ्यांची नावं, शेवटचा रिपोर्ट, छातीत दुखतं का, जिना चढताना दम लागतो का, आणि शुगरवाल्यांना एक वेगळा प्रश्न, डोळ्याचा पडदा कधी तपासला. मी विचारलं ताई डोळ्याचा काय संबंध, तर म्हणाल्या शुगरमुळे पडद्यावर नाजूक नवीन रक्तवाहिन्या आल्या असतील तर डोकं खाली करायची आसनं आणि जोर लावून दम कोंडणं चालत नाही, आत रक्त उतरू शकतं. शहरात आधी दोन ठिकाणी जाऊन आलोय, नावं घेत नाही, तिथे शुगर आहे का एवढंही कोणी विचारलं नव्हतं, पहिल्याच दिवशी दणादण कपालभाती सुरू.

ह्या कपालभातीवरून इथे दर महिन्याला एक भांडण ठरलेलं. नवीन येणारा प्रत्येक जण टीव्हीवर बघून आलेला असतो, त्याला कपालभाती म्हणजेच योगा. आमच्या बॅचला एक अप्पा आले, बीपी १६० च्या वर, आल्या आल्या पोट आतबाहेर सुरू. ताईंनी थांबवलं. अप्पा म्हणे मी फी भरली आहे. ताई म्हणाल्या अप्पा, फी परत घेऊन जा पण बीपी कंट्रोलला येईपर्यंत माझ्या हॉलमध्ये कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन आणि कुंभक (दम कोंडणं) नाही. अप्पा दोन दिवस रुसले, मग खुर्चीवाल्यांच्या लाइनीत बसले, आता तेच नवीन लोकांना दम देतात.

तर क्लासमध्ये नेमकं होतं काय. सव्वा तास. सुरुवातीला सूक्ष्म व्यायाम, मान-खांदे-घोटे मोकळे करणं, मग उभ्याची आसनं, ताडासन, कटिचक्रासन, वीरभद्रासन, आणि ते उत्कटासन म्हणजे खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं, मांड्या पेटतात अक्षरशः. ताईंचा ह्याच्यावर जोर आहे कारण मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे स्नायू सगळ्यात मोठे, आणि काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनच्या मदतीशिवायही आत ओढतो, म्हणून लठ्ठपणात इन्शुलिन नीट काम करेनासं झालेलं असतं तेव्हा ही मोठी गिऱ्हाइकं जागी ठेवायची. मग सूर्यनमस्कार, ज्याला झेपतील तेवढे, पोटावरची एकदोन, सेतुबंधासन, वक्रासन, आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं अनुलोम-विलोम, भ्रामरी, शवासन. गुडघेवाल्यांना सगळं खुर्चीवर. पारोळ्याकडचे नाना पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, मना गुडघा दुखस, माले खुर्ची दे," तेव्हापासून त्या लाइनीचं नावच खुर्ची बॅच पडलं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त फरक जाणवला तो श्वासाच्या भागाने, जो आधी मला टाइमपास वाटायचा. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, म्हणजे एक आतबाहेर मिळून दहा सेकंद. हे सहाचं काय खूळ म्हणून घरी येऊन शोधलं, मी जरा खोदून वाचणारा माणूस आहे. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत प्रेशर ओळखणारे सेन्सर असतात, प्रेशर वाढलं की ते मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाला हळू हो सांगतो. बीपीवाल्यांत ही यंत्रणा सुस्तावलेली असते. मिनिटाला सहाच्या लयीत श्वास घेतला की ती जास्त तत्पर होते. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलला इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता, त्यांनी लोकांना ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली आणि दुसऱ्या वेळी योगातला मंत्र, दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. म्हणजे आमच्या आजीचं माळ ओढणं हे पण प्राणायामच होतं म्हणा ना, फक्त ती मधेच सुनेला आवाज द्यायची म्हणून लय तुटायची.

ताई लोणावळ्याला कैवल्यधामला शिकून आल्यात आणि बोलता बोलता एक गोष्ट सांगितली जी मला खानदेशात जन्म काढून माहीत नव्हती. कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, हे आधी आपल्या अमळनेरला शिकवायचे, खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. १९२३ ला ते कॉलेज बंद पडलं आणि १९२४ ला त्यांनी लोणावळ्याला संस्था काढली, त्याच वर्षी 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिक. आणि हा माणूस भगवे कपडे घालून चमत्कार सांगणारा नव्हता, शंभर वर्षांपूर्वी एक्स-रे लावून आणि प्रेशर मोजायची नळी लावून नौली-उड्डियान ह्या पोट आत ओढायच्या आणि फिरवायच्या क्रिया करताना पोटात काय होतं ते बघत होता. ताई म्हणतात तिथून आले म्हणून मोजल्याशिवाय मी बोलत नाही. पटलं आपल्याला.

आता खालचा बोर्ड. जिन्याजवळ मोठा फ्लेक्स आहे, 'योगाने शुगर रिव्हर्स, ब्लॉकेज साफ, गोळ्यांपासून मुक्ती'. हा ताईंचा नाही, जागेचे मालक जे क्लास चालवतात त्यांचा. वर ताई एक सांगतात आणि खाली फ्लेक्स दुसरंच. मी ताईंना तोंडावर विचारलं तर त्यांनी फक्त कपाळाला हात लावला. म्हणून खरं काय आहे ते इथे लिहून टाकतो, कारण फ्लेक्स वाचून लोक खरंच गोळ्या सोडतात.

२०१४ ला एक मोठा आढावा निघाला, युरोपातलं हृदयरोग टाळण्याबद्दलचं जर्नल आहे त्यात, नेदरलँड आणि अमेरिकेतल्या लोकांनी केलेला. ३७ चाचण्या, २७६८ माणसं. जे काहीच व्यायाम करत नव्हते त्यांच्या तुलनेत योगावाल्यांचं वरचं बीपी सरासरी ५ पॉइंटने कमी, खालचं पण जवळपास तेवढंच, वाईट कोलेस्टेरॉल १२ ने कमी, ट्रायग्लिसराइड २६ च्या आसपास कमी, वजन सव्वादोन किलोच्या थोडं वर कमी, नाडीचे ठोके मिनिटाला ५ ने कमी. चांगलं आहे की. ५ पॉइंट म्हणजे काही फार नाही असं वाटेल पण बीपीत ५ खाली आले तर स्ट्रोक आणि अटॅकचा धोका खरंच कमी होतो. पण त्याच आढाव्यात उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी (शुगरची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ह्यांच्यात खात्रीने म्हणावा असा फरक सापडला नाही. आणि योगा विरुद्ध बाकीचा व्यायाम, म्हणजे चालणं-सायकल वगैरे, अशी तुलना केली तर दोघांत फरक नाही. थोडक्यात चालणाऱ्याला जे मिळतं ते योगावाल्याला मिळतं, आणि हे गुडघे गेलेल्या नानांसाठी मोठीच बातमी आहे कारण नाना मेहरूण तलावाला राउंड मारू शकत नाहीत.

दुसरा अभ्यास तर आपल्याच देशातला. हार्ट अटॅक येऊन गेलेले ३९५९ पेशंट, २४ हॉस्पिटलं, निम्म्यांना तीन महिन्यांचा योगाचा कार्यक्रम आणि निम्म्यांना नुसता सल्ला. २०२० ला छापून आला. दोन वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं. परत अटॅक, स्ट्रोक, मृत्यू ह्यांत दोन गटांत ठाम फरक दिसला नाही. पण योगावाले आधीसारखं कामाला लागणं, स्वतःला बरं वाटणं ह्यात पुढे होते. आता ज्याच्या घरात अटॅक येऊन गेलाय त्याला विचारा, माणूस घाबरून घरात बसतो, जिना चढायला भितो, आमच्या मोठ्या भावाचं तेच झालं होतं. त्याच्यासाठी हे बरं वाटणं लहान गोष्ट नाही. पण 'ब्लॉकेज साफ' कुठेच नाही, आणि हे सगळे पेशंट गोळ्या चालू ठेवून योगा करत होते हे फ्लेक्सवर कोण लिहिणार.

गोळ्यांचं ताई रोज सांगतात म्हणून मी पण सांगतो. बीपीची काही औषधं, खास करून बीटा ब्लॉकरवाली म्हणजे ठोके हळू करणारी, एकदम बंद केली तर बीपी आणि ठोके उलट उसळतात. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याची शुगर व्यायामाने खाली पण जाऊ शकते, म्हणून बॅचला अशा लोकांनी खिशात साखर नाहीतर गूळ ठेवायचा असा नियम आहे. एका काकूंना मे महिन्यात उभ्या उभ्या घाम फुटला, हात थरथरायला लागले, सगळे म्हणे ऊन आहे, जळगावचा मे आहे, ताईंनी मशीन लावलं तर शुगर ६० च्या घरात. साखरपाणी दिलं, बसवून ठेवलं, मग डॉक्टरांकडे पाठवलं आणि डॉक्टरांनी डोस कमी केला. डोस कमी झाला, पण तो डॉक्टरांनी केला, काकूंनी घरबसल्या नाही.

माझे आकडे विचाराल तर बीपी आता १३० च्या खाली असतं, गोळी तीच आहे. ट्रायग्लिसराइड १७० च्या जवळ आले. कंबर दोन बोटं आत गेली, वजन फार नाही हललं. शुगर शंभरच्या आसपास. पण हे सगळं क्लासचं श्रेय असं मी म्हणणार नाही कारण ह्या काळात रात्री दहाला दुकान बंद करून धाब्यावरची शेवभाजी-पाव जी चालू होती ती बंद झाली आणि जेवण आठला आलं. ताईंनीच सांगितलं होतं. आहाराचा भाग इथे मजेशीर आहे. रिसेप्शनला एक छापील डाएट शीट देतात, कुठून उतरवलीय देव जाणे, ऑलिव्ह ऑइल, ओट्स, ॲव्होकाडो. आमच्या सासूबाईंनी वाचून विचारलं हे कोणत्या देशातलं पथ्य आहे. ताई ती शीट बाजूला ठेवतात आणि आपल्या भाषेत सांगतात, कळण्याची भाकरी खा, ज्वारी-उडीद आहे, पोट भरतं. भरीत खा पण वरून तेलाची धार नको. शेवभाजीची तर्री वाटीत घेऊन पिऊ नका. बट्टीवर तूप मोजून. आणि मीठ, हा आपल्या खानदेशी लोकांचा वीक पॉइंट, पापड, बिबडे, लोणचं, ठेचा, सगळ्यात मीठ, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तोही सगळं मिळून. केळ्याबद्दल इथे प्रत्येक बॅचला प्रश्न येतोच, रावेर-यावलचे लोक शेजारी बसलेले असतात, केळी बंद म्हटलं तर दंगा होईल. तर एका मध्यम केळ्यात पंचवीस-सत्तावीस ग्रॅम कार्ब असतात, शुगरवाल्याने अर्धं, जेवणावर नाही, मधल्या वेळेला, आणि मशीन लावून आपलं आपण बघायचं. हे उत्तर मला आवडलं कारण त्यात घाबरवणं नाही.

अजून एक, बारीक लोकांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नका. आमच्या बॅचला एक मास्तर आहेत, अंगाने सडसडीत, शुगर माझ्यापेक्षा जास्त. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे मित्र डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा अगदी सारखा २२.३, पण मोजलं तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के चरबी आणि युडकिनांच्या अंगात ९.१. २००४ ला लॅन्सेटमध्ये दोघांचा शेजारी शेजारी फोटोच छापला होता. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून तुपाळ. म्हणून इथे वजनकाट्यापेक्षा टेपवर भरवसा.

आता तक्रारी. रिसेप्शनवर दर महिन्याला एचबीएवनसीसकट टेस्टचं पॅकेज गळ्यात मारतात, एका लॅबशी साटंलोटं आहे. ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, ती दर महिन्याला करून काय मिळणार, तीन महिन्यांनी करा आणि आपल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून करा. नाही म्हटलं तर तोंड वाकडं करतात, करू द्या. तिथेच कसल्यातरी हिरव्या पावडरचे डबे विकायला ठेवलेत, घ्यायची सक्ती नाही पण नवीन माणसाला वाटतं हे ताईंनीच सांगितलंय. त्यांनी सांगितलेलं नाही.

संध्याकाळची बॅच घेऊ नका. ती ताईंची नाही, एक तरणा मुलगा घेतो, अंग रबरासारखं आहे त्याचं आणि त्याला वाटतं सगळ्यांचं तसंच असतं, शिवाय वरती पत्रा आहे, एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकला की संध्याकाळी सहाला पण हॉल तापलेला असतो, बीपीवाल्याने तिथे जाऊच नये. सकाळची बॅच पावणेसहाला, उन्हाळ्यात साडेपाचला. क्लासच्या सतरंज्यांना वास येतो, स्वतःचं मॅट न्या.

आणि हा क्लास लावला म्हणून चालणं सोडू नका, अर्ध्या लोकांनी सोडलंय आणि ताई ओरडतात. सावकाश आसनं म्हणजे हलका व्यायाम, आठवड्याला १५० मिनिटं जी थोडा दम लागेल अशी हालचाल सांगतात ती त्यातून भरत नाही, सूर्यनमस्कार जोरात घातले तर थोडीफार भरते. आम्ही दोघं नवरा-बायको चार दिवस क्लास आणि बाकीच्या दिवशी मेहरूणला भरभर चालतो, म्हणजे ती भरभर चालते, मी मागे.

फी महिन्याला १२००, तीन महिन्यांची एकदम भरली तर ३०००. महाग वाटेल पण बीपी मोजून, कागद वाचून घेणारी माणसं ह्या शहरात ह्या पैशात मला दुसरीकडे दिसली नाहीत. ट्रायल एक दिवस फुकट देतात, फोनवर सांगत नाहीत, जाऊन विचारावं लागतं. जाताना शेवटचा रिपोर्ट आणि गोळ्यांची स्ट्रिप न्या. मागच्या सहा महिन्यांत अटॅक किंवा ॲन्जिओप्लास्टी झाली असेल तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी, त्याशिवाय ताई आत घेत नाहीत. आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा, जिन्यासमोर लावली तर शेजारचे दूधवाले बाबा सकाळी सहाला सगळी बॅच जागी करतात.